लोकरीची इनेझ

"डोकं नको धरू, बुडाखाली हात घाल," टेम्पोच्या हौद्यात वाकलेली फ्लेव्हिया नवऱ्याला म्हणाली. "मान लचकली तर मी हितंच बसून रडंन."

मायकेलनं मुकाट्यानं बुडाखाली हात घातला आणि चादरीत गुंडाळलेलं ते दोन फुटी बोचकं छातीशी धरून भाईंदरच्या नवघर भागातल्या प्रदर्शनाच्या हॉलच्या पायऱ्या चढू लागला. दारातल्या वॉचमनला वाटलं, मूर्तीच आली. तो चप्पल काढून बाजूला झाला, वर हातही जोडले. मायकेलला हसू आवरेना. फ्लेव्हियाला मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नाही. चादरीत तिची सासू होती. लोकरीची, पण सासूच.

टेम्पो बर्फाचा. रोज पहाटे उत्तनच्या धक्क्यावर बर्फ पोचवायचा, हा मायकेलचा धंदा. आदल्या संध्याकाळी त्यानं हौदा फिनेलनं घासून धुतला होता, तरी बोंबलाचा वास हटायला तयार नव्हता. शेवटी फ्लेव्हियाच म्हणाली, येऊ दे वास, उत्तनचीच माणसं आहेत, अत्तर लावून थोडीच येणार. माणसं म्हणजे सासूबरोबर आलेली तिघं: डोक्यावर टोपली घेतलेली मासळीवाली, जाळं दुरुस्त करणारा म्हातारा आणि गाल फुगवून पिपाणी वाजवणारा बँडवाला. सगळी क्रोशानं विणलेली, आत कापूस आणि तार.

फ्लेव्हियाचं आयुष्य सांगायला बसलं तर चहा गार व्हायच्या आत संपेल. गोराईहून लग्न होऊन उत्तनला आली, एक मुलगी झाली, ती शिकून नोकरीसाठी पुण्याला गेली. फ्लेव्हिया नवघरच्या एका डॉक्टरांकडे केसपेपर काढायला लागली ती अजून तेच करते. नाव, वय, काय होतंय. पेशंट तिला खिडकीतून "ओ मॅडम" म्हणतात आणि रस्त्यात भेटली तर ओळखत नाहीत, कारण त्यांनी तिला कमरेच्या वरच पाहिलेलं असतं. आजवर तिच्या नावाची चिठ्ठी कुठल्या टेबलावर लागली नव्हती. आज लागणार होती. त्या आनंदात ती सकाळी पायात दोन वेगळ्या चपला घालून निघाली होती, हे तिला हॉलमध्ये आल्यावर कळलं.

क्रोशाची सुई तिच्या हातात दिली इनेझनं, म्हणजे सासूनं. लग्नाला थोडेच दिवस झालेले, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, कामाला सुट्टी. ओट्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. इनेझ विणायची ती फक्त पांढऱ्या दोऱ्यानं आणि फक्त चर्चसाठी: वेदीवरच्या कापडांच्या झालरी. साखळी, खांब, मुका खांब असे टाके. शिकवताना ती जेमतेम एकच शब्द बोले, "उसव." चूक आत्ताची असो की पाच ओळी मागची, तिची नजर तिथं जाई आणि शब्द येई. उसवण्याचीही एक रीत होती. वेदीचा दोरा जमिनीला लागू द्यायचा नाही. एकीनं उसवायचं, दुसरीनं तो दोरा स्वतःच्या बोटांवर गुंडाळून घ्यायचा. फ्लेव्हिया विणायला शिकली त्यापेक्षा उसवायला जास्त शिकली, आणि किती वेळा तिनं मनातल्या मनात सासूला शिव्या घातल्या ते त्या परमेश्वरालाच ठाऊक.

गेल्या नाताळच्या तोंडावर इनेझला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचा राहिली, भूक राहिली, शुद्ध राहिली, पण सुयांचा डबा तिनं कपाटात ठेवायला लावला तो पुन्हा मागितला नाही. फ्लेव्हिया काहीही विणून दाखवायला गेली की ती भिंतीकडे बघत म्हणे, "बरं हाय." एकदा फ्लेव्हियानं मुद्दाम अख्खी ओळ चुकवून झालर तिच्यापुढे धरली. कोणाही शिकाऊ पोरीला दिसावी अशी ढळढळीत चूक. "बरं हाय," इनेझ म्हणाली. त्या दिवशी फ्लेव्हिया स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. ज्या शब्दाचा इतकी वर्षं राग राग केला, तो ऐकायला ती आसुसली होती.

त्यातूनच ही बाहुली सुचली. इनेझला इनेझच दाखवायची. पाटावर बसलेली, लाल चौकडीचं लुगडं, केसांचा अंबाडा, हातात सुई आणि मांडीवर पांढरी झालर. तिनं एकदा पाहावं, नीट पाहावं. चांगलं म्हटलं नाही तरी चालेल.

घरी तिच्या नकळत विणायची सोय नव्हती, म्हणून दुपारी डॉक्टर जेवायला गेले की दवाखान्यात काम चाले. बाहुली मांडीत, तिची पाठ फ्लेव्हियाकडे आणि तोंड खिडकीकडे. लुगड्याच्या चौकड्यांनी तिला रडकुंडीला आणलं. केसांसाठी करडी लोकर भाईंदर स्टेशनजवळच्या दुकानदाराला चार वेळा बदलायला लावली. एका पेशंटनं तर विचारलं, "ये दादी का नंबर मेरे पहले है क्या?" दवाखान्यातली नर्स नीलिमा त्यावर इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. याच नीलिमानं फ्लेव्हियाला न विचारता प्रदर्शनात तिचं नाव देऊन टाकलं. रात्री बाहुली सलाइनच्या खोक्यांमागे कपाटात झोपे.

तर आता ती हॉलमधल्या टेबलावर बसली होती आणि गर्दी तिच्याभोवती होती. शेजारी शिंपल्यांचा गणपती होता, पलीकडे केकसारख्या दिसणाऱ्या मेणबत्त्या होत्या, पण माणसं घुटमळत होती ती म्हातारीपाशी. कोणी तिच्या सुरकुत्यांना बोट लावून बघे, कोणी मोबाइल काढी. एका गुजराती बाईंना ती विकतच हवी होती. "बिकाऊ नहीं है, सासू है मेरी," फ्लेव्हिया म्हणाली आणि स्वतःच इतकी खूश झाली की पुढच्या प्रत्येकाला न विचारताच तेच सांगत सुटली. तिचे कान लाल झाले होते. भूक लागल्याचं तिला आठवतच नव्हतं.

"शांत बस ना यार," नीलिमा म्हणाली. "पाचव्यांदा पदर नीट करतेयस तिचा. चारला जज येणारेत. पहिला नंबर आपलाच, लिहून घे माझ्याकडून."

फ्लेव्हिया शांत बसू शकत नव्हती. एक म्हणजे तिचं लक्ष दाराकडे होतं. सकाळी तिनं इनेझला सांगितलं होतं, आय, दुपारी मायकेल न्यायला येईल, माझं प्रदर्शन आहे. इनेझनं कूस वळवली होती. आणि दुसरं म्हणजे बाहुली समोर ठेवल्यापासून तिला काहीतरी खटकत होतं. इतके महिने तिची पाठच बघितली होती, समोरून आज पहिल्यांदा निवांत पाहिली. डोळे बरोबर होते. अंबाडा बरोबर होता. हनुवटीवरचा तीळसुद्धा होता. तरी घरात परकं माणूस येऊन बसावं तसं वाटत होतं.

साडेतीनच्या सुमाराला दाराशी गलका झाला. मायकेल आणि तोच वॉचमन प्लास्टिकची खुर्ची दोन्ही बाजूंनी उचलून आत येत होते आणि खुर्चीत नाताळचं लुगडं नेसलेली इनेझ होती. मायकेलनं नंतर सांगितलं, विनवण्या करून काही होईना, तेव्हा त्यानं नुसतं म्हटलं, फ्लेवीनं तुला लोकरीची बनवलीय आणि सगळं भाईंदर तुला बघतंय. म्हातारी ताडकन म्हणाली, "मला न इचारता?" आणि लगेच लुगडं मागितलं.

लोकांनी वाट करून दिली. खुर्ची टेबलासमोर टेकली. बघणाऱ्यांच्या माना खऱ्या इनेझकडून लोकरीच्या इनेझकडे आणि परत वळू लागल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, त्याबरोबर सगळ्यांनीच वाजवल्या. इनेझनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती पुढे झुकली. लुगड्याच्या चौकड्या तिनं काठापासून वर तपासत नेल्या. अंबाडा पाहिला. तीळ पाहिला आणि नाक मुरडलं. मग तिची नजर सुईवर आली आणि तिथंच थांबली.

फ्लेव्हिया "बरं हाय"ची वाट बघत होती.

"ह्यो माजा हात न्हाय," इनेझ म्हणाली. "उसव."

एका क्षणात फ्लेव्हियाला सगळं दिसलं. इनेझ जेवायची उजव्या हातानं, क्रूसाची खूण करायची उजव्या हातानं, मासे कापायची उजव्या हातानं. शाळेत पट्ट्या खाऊन तिला तशी सवय लावलेली होती. फक्त क्रोशाची सुई तेवढी डाव्या हातात जायची. समोर बसून शिकणाऱ्या फ्लेव्हियाला ते कधी वेगळं वाटलंच नाही. आरशात बघून भांग पाडावा तशी ती तिच्याकडे बघून उजव्या हातानं विणायला शिकली. आणि बाहुली मांडीत पाठमोरी घेऊन हात जोडायची वेळ आली, तेव्हा तिनं मापाला घेतला तो स्वतःचा हात. लोकरीच्या इनेझनं सुई उजव्या मुठीत धरली होती आणि डावा हात पालथा मांडीवर पडला होता. खऱ्या इनेझचा आता पडतो तसा.

"काय म्हनलीस आय?" तिनं विचारलं. ऐकू आलं होतं, पुन्हा ऐकायचं होतं.

"उसव म्हनतंय. दोनी हात."

फ्लेव्हिया हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात हसू, असं तिचं ध्यान झालं. तिनं पर्समधून कात्री काढली, टेबलावरची लोकरीची इनेझ उचलून मांडीत घेतली आणि जमिनीवर सासूच्या पायांशी फतकल मारली.

नीलिमा धावत आली. "अगं, वेडी झालीस का? जज जिना चढतायत. कोणाला कळणार आहे डावा न् उजवा? उद्या कर ना, घरी जाऊन."

नीलिमाचं खोटं नव्हतं. मुठीचा अंगठा वेगळा असतो, पालथ्या हाताचा वेगळा असतो. नुसती अदलाबदल करून भागणार नव्हतं, दोन्ही हात मुळापासून विणावे लागणार होते आणि ते आज होणं शक्य नव्हतं. फ्लेव्हियाला पहिला नंबर हवाच होता. खोटं कशाला बोला, पुण्याच्या मुलीला पाठवायचा फोटोसुद्धा तिनं मनात काढून ठेवला होता. पण उद्या इनेझ पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपली तर?

"हिला कळलं ना," ती नीलिमाला म्हणाली आणि मनगटावरचा टाका कापला.

परीक्षक आले तेव्हा टेबलावर टोपलीवाली, जाळंवाला आणि बँडवाला असे तिघेच होते. चौथी खाली, एका बाईच्या मांडीत, दोन्ही हात तुटलेली. चष्मा लावलेल्या परीक्षक बाईंनी वाकून पाहिलं. चेहऱ्याचं काम त्यांना फार आवडलेलं दिसलं. मग त्यांनी हळुवारपणे विचारलं, हे पूर्ण झालेलं नाही का?

फ्लेव्हिया काही बोलायच्या आत खुर्चीतून उत्तर आलं.

"चालू हाय."

परीक्षक बाईंनी मान डोलावली, हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या मेणबत्त्यांकडे वळल्या. नीलिमानं कपाळावर हात मारून घेतला.

थोड्या वेळानं माइक खरखरला. गर्दी स्टेजकडे सरकली, नीलिमा आणि मायकेलही त्यांच्याबरोबर गेले. पहिला नंबर शिंपल्यांच्या गणपतीला मिळाला. टाळ्या वाजल्या. फ्लेव्हियानं एकदा स्टेजकडे मान वळवली, तेवढ्यात तिला लोकरीचं टोक सापडलं. टोक ओढल्याबरोबर उजवी मूठ सरसर उसवायला लागली. अंगठा गेला, मग एकेक बोट.

"घट्ट इनलंयस," इनेझ वरून म्हणाली. "रागात व्हतीस काय?"

"व्हते थोडी."

"दिसतंय."

लोकर भराभर येत होती, फ्लेव्हियाच्या दोन्ही हातांना मोकळीक नव्हती, आणि गुंडाळून घ्यायला जवळ कोणी उरलं नव्हतं. एक वेढा घसरून फरशीकडे निघाला. तेवढ्यात इनेझनं आपल्या उजव्या हातानं आपलाच डावा हात मनगटाशी धरून उचलला, एखादी जड वस्तू सरकवावी तसा खुर्चीच्या कडेवरून पुढे आणला आणि फ्लेव्हियाच्या खांद्यावर ठेवला. बोटं आखडलेली होती.

"ह्याच्यावर गुंडाळ," ती म्हणाली. "जमिनीला लागंल."

फ्लेव्हियानं ती बोटं एकेक करून सरळ केली आणि पहिला वेढा घातला.