आजीने लावलेलं ठिगळ

माझ्या आईला मरायच्या आधी एकदा तिच्या बाबांच्या उशाशी बसायचं होतं. एवढीच मागणी. आई लहान असताना ते मासेमारीला गेले आणि होडीसकट बुडाले. होडीवरचा एकही माणूस परतला नाही. माझा धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, समुद्राच्या पोटात कुणाची उशी शोधतेस?" त्याला बोलायला काय जातं? उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या. आईचे सुजलेले पाय चोळत तिचं ऐकावं लागायचं ते मला.

मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काम करते. बर्फ न्यायला गावोगावचे ट्रकवाले येतात. दिसेल त्याला त्या होडीबद्दल विचारायचे, मग लोक मला टाळायलाच लागले. शेवटी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने सांगितलं, की वरच्या अंगाच्या एका बंदरात वाहून आलेली बेवारस प्रेतं बंदराच्या कचेरीमागे पुरलीत, आणि ओळख पटावी म्हणून त्यांच्या अंगावरचं काहीबाही जपून ठेवलंय.

रजा टाकून गेले. तिथला कारकून जांभई देत म्हणाला, "बाई, फार उशीर केलात."

"तेव्हा माझी आईच एवढीशी होती," मी म्हटलं. "जन्माला आले असते तर वेळेवर आले असते."

त्याने कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला. आमची होडी बुडाली त्याच महिन्यात तिथे एकाच माणसाचं प्रेत किनाऱ्याला लागलं होतं. त्याच्या मेणकापडी कोटाचा खांद्याचा तुकडा डब्यात होता आणि त्यावर ठिगळ होतं. दुहेरी दोरा, बारीक टाका आणि चारही कोपरे गोल. आजी, म्हणजे आईची आई, बंदरावरच्या लोकांचे कपडे शिवायची. चौकोनी ठिगळ कोपऱ्यातून उसवतं म्हणून ती कोपरे गोल कापायची. माझ्या शाळेच्या दप्तरालाही तिने अशीच ठिगळं लावली होती. हा हात मी झोपेतसुद्धा ओळखला असता.

कचेरीमागे भिंतीला लागून एक उंचवटा होता, त्यावर नुसता खांब. पायावर बर्फाची लादी पडली तेव्हा मी हूं की चूं केलं नव्हतं, पण तिथे त्या परक्या माणसासमोर ओक्साबोक्शी रडले. तुकडा मागितला तर तो म्हणाला, "न्या. तुमचंच आहे."

आईला फोनवरच सांगून टाकलं. घरी पोचले तर बाई नव्या चपला घालून खाटेवर बसलेली, पिशवी भरलेली. सकाळची गाडीसुद्धा तिने भावाकरवी ठरवली होती. मी तुकडा तिच्या मांडीवर ठेवला. तिला आता धड दिसत नाही. तिने ठिगळावरून बोटं फिरवली.

"आईचाच हात," ती म्हणाली, आणि इतकी हसली, की मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

मग तिची बोटं पुन्हा ठिगळावर गेली आणि तिथेच थांबली.

"हे खांद्याचं आहे?"

"हो. का ग?"

"मग हे बाबा नव्हेत."

मी चिडले. "आत्ताच म्हणालीस ना, आजीचा हात?"

"होडीवरच्या सगळ्यांचे कोट तीच शिवायची. बाहेरचं काम आधी, घरचं मागून. दिव्याखाली अंधार." आई अगदी हळू बोलत होती. "बाबांचा खांदा फाटलेलाच होता. मला कडेवर घ्यायचे तेव्हा मी त्या भोकात बोट घालून बसायचे. निघाले त्या दिवशीही घातलं होतं."

"घाईत दुसऱ्याचा कोट घातला असेल," मी म्हटलं.

"असेलही. पण मी कुणाच्या उशाशी बसू?"

भाऊ उठून दारात जाऊन उभा राहिला.

आमच्या घरात एक जुनी थट्टा आहे. कुणी काम पुढे ढकललं, की बाकीचे म्हणतात, "उद्या शिवते." शेवटी शेवटी आजीला भ्रम झाला होता. भिंतीकडे तोंड करून ती दिवसभर तेवढंच म्हणायची, "उद्या शिवते, उद्या नक्की." आम्ही भावंडं तिची नक्कल करून पोट धरून हसायचो. आईसुद्धा हसायची.

"ती बाबांना सांगत होती ग," आई म्हणाली. "आणि मला वाटायचं, गिऱ्हाइकांना."

तिने चपला काढून पायानेच खाटेखाली सरकवल्या. तुकडा माझ्या हातात दिला.

"गाडीवाल्याला नको म्हणून सांग," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.