दोघांचा आवाज

वडिलांनी पिन दातांत धरली, नट काढला आणि मोटरचा पंखा दोन्ही हातांनी ओढून घेतला. बोट धक्क्याला बांधलेली होती आणि मोटर मागच्या फळीवर वर उचललेली. ते पाण्यावर इतके ओणवे झाले होते की लेकीने न राहवून मागून त्यांचा शर्ट पकडला.

"पडत नाही मी," ते पिनेसकट म्हणाले.

"पिन गिळाल."

"गिळली तर उद्या मिळेल की."

शेजारच्या फळकुटावर दुसरा पंखा ठेवला होता. त्याच्या पात्यांना पीळ जास्त. जास्त पिळाचा पंखा एका फेऱ्यात बोटीला लांब नेतो, पण बोट हलकी लागते. ओझं वाढलं की इंजिन कण्हायला लागतं. कमी पिळाचा पंखा ओझं निमूट ओढतो, पण बोटीत एकच माणूस असला तर इंजिन उगाच किंचाळत राहतं. मोटर नवी होती, बोट जुनी, आणि दोघींचं अजून जमायचं होतं. म्हणून सकाळपासून बापलेकीचं हेच चाललं होतं. पंखा बदलायचा, बोल्ट काढून मोटर एक भोक वर किंवा खाली घ्यायची, खाडीच्या वळणापर्यंत जाऊन यायचं.

मोटरला फेरे दाखवणारा काटा नव्हता. असता तरी वडिलांनी बघितला नसता. ते पुढच्या फळीवर तिच्याकडे पाठ करून बसायचे, मान जराशी डावीकडे कलती ठेवून ऐकायचे. मोटर वळवायचा दांडा तिच्या हातात. हवं तेवढं ऐकून झालं की ते उजवा हात वर करून मूठ मिटायचे. म्हणजे पुरे, फिरव.

मोटर वरच्या भोकात असली की वळणावर हमखास बिघडायचं. बोट कलायची, पंख्याचं पाणी सुटायचं, त्यात हवा शिरायची आणि इंजिन कर्कश ओरडून जागच्या जागी ढिलं पडायचं.

"माझ्यामुळे," वडील मागे वळून म्हणाले. "मी पुढे बसलो की नाक खाली जातं आणि ढुंगण वर येतं. बोटीचं म्हणतोय."

धक्क्यावर मिस्त्रीकाका पाय सोडून बसले होते. खाडीतल्या सगळ्या बोटींची इंजिनं तेच दुरुस्त करायचे, आणि वडिलांचे शाळेपासूनचे मित्र.

"मोटर बसवतोयस की सून शोधतोयस?" त्यांनी विचारलं. "किती नकार देशील अजून?"

"तू चहा पी," वडील म्हणाले.

दुपार कलली तेव्हा दोन्ही पंखे पुसून समोर ठेवलेले होते. वडील त्यांतला एक पुन्हा पुसत होते. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

"मग साहेब," ते म्हणाले. ती हापिसात लागल्यापासून ते तिला साहेब म्हणायचे. "कसं करू? माझ्या एकट्यासाठी लावू, की दोघांसाठी?"

ती बुटांच्या नाड्या बांधत होती. घरी पोचायला तिला दोन बस बदलाव्या लागत.

"तुमच्या एकट्यासाठीच लावा ना. मी काय दर रविवारी येणार आहे थोडीच."

"तेही खरंच," वडील म्हणाले.

मिस्त्रीकाकांनी मोटर खालून धरली. वडिलांनी ती वरच्या भोकात घेतली, जास्त पिळाचा पंखा चढवला आणि बोल्ट आवळला. आवळून झाल्यावरही ते पाना लावून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवून ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले. आधण आटलं, भांडं काळं पडलं, तरी उठले नाहीत.

बोट तिच्या मावसभावाला द्यायची ठरली. त्याच्या घराजवळ तळं होतं आणि त्याला एकट्याने मासे धरत बसायची हौस होती. नेण्याआधी मोटर एकदा चालवून बघ, असं त्याने फोनवर सांगितलं. उभ्या उभ्या गंजली असेल. म्हणून एका दुपारी ती धक्क्यावर आली. मिस्त्रीकाकांनी ताडपत्री काढून दिली. ते खंगले होते, की तिलाच तसं वाटलं, कोण जाणे.

"एकटीच जातेस?"

"हो."

"भुर्रकन जाईल बघ. एकट्याच्याच मापाची केलीय तुझ्या बापाने."

वारा नव्हता. पाणी पाटीसारखं सपाट आणि तसंच काळसर होतं. दोरीच्या पहिल्याच ओढीला मोटर चालू झाली. धक्का मागे पडल्यावर तिने दांड्याची मूठ पिळली आणि बोटीचं नाक आता वर येणार म्हणून पाय रोवले.

नाक वर आलं नाही. बोट टेबलासारखी सरळ राहिली, पुढून पाण्याचे तुषार आत येऊ लागले, आणि इंजिन कण्हायला लागलं.

ते कण्हणं तिच्या ओळखीचं होतं. तिने मोटर बंद केली. पंख्यात गवत अडकलं असेल म्हणून मोटर उचलून पाहिली. पाती स्वच्छ होती. तळाच्या फळ्या सरकवून पाहिल्या. खाली थेंबभर पाणी नव्हतं. नांगर तर तिने धक्क्यावरच ठेवला होता. उभ्या बोटीचंही नाक थोडं खालीच होतं.

तिने पुन्हा मोटर चालू केली. वळण आलं तेव्हा दांडा अगदी हळू वळवला, तरी पंख्याने हवा घेतली आणि इंजिन किंचाळलं.

परत येताना ती काठाकडे बघत राहिली. एक एक खांब, एक एक झुडूप. दांडा धरणाऱ्याने नजर पुढे ठेवायची, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलेलं होतं.

मिस्त्रीकाका दोर घ्यायला आले. "पाहुण्याला कुठे उतरवलंस?"

"कुणाला?"

"आवाज दोघांचा होता ना. शेडमधून ऐकला मी. वळणावर ओरडलीसुद्धा. म्हटलं, भाऊ आजच आला वाटतं."

"मी एकटीच होते, काका."

दोरावरचा त्यांचा हात थांबला. त्यांनी पुढच्या फळीकडे बघितलं, म्हणून तिलाही बघावं लागलं. तुषारांनी फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजून काळी झाली होती. मधोमध, एक माणूस बसेल एवढ्या जागेत, लाकूड कोरडं होतं.

"जुनं लाकूड," मिस्त्रीकाका घसा साफ करत म्हणाले. "कुठे पाणी पितं, कुठे नाही." पण बोटीत उतरण्यासाठी पुढे टाकलेला पाय त्यांनी मागे घेतला.

ती मोटरकडे वळली. मग म्हणाली, "कमी पिळाचा पंखा शेडमध्येच आहे ना?"

"आहे. पण तुझा भाऊ तर एकटाच..."

"त्याला मी फोन करते. बोट नाही द्यायची मला." ती मोटर उचलू लागली. "एक भोक खाली घेऊ या. खालून धराल का?"

मिस्त्रीकाका पाना घेऊन आले. बोटीत उतरताना त्यांनी चप्पल धक्क्यावर काढून ठेवली. एरवी ते तशी कधी काढत नसत. दोघांनी मोटर खाली घेतली. तिने जास्त पिळाचा पंखा काढला, दुसरा चढवला आणि हात मोकळे हवेत म्हणून पिन दातांत धरली.

"गिळशील," मिस्त्रीकाका म्हणाले आणि पटकन दुसरीकडे बघू लागले.

मिस्त्रीकाका परत धक्क्यावर चढले, बोटीत ती एकटीच. या वेळी तिने मूठ पिळली तेव्हा बोट निमूट निघाली. हा पंखा एकट्या माणसाला किंचाळून हैराण करतो. आता इंजिन किंचाळलं नाही, कण्हलंही नाही. एका सुरात, भरल्या आवाजात चालत राहिलं. वळणावर तिने दांडा पुरता वळवला. पंख्याने पाणी सोडलं नाही.

मग तिने नजर पुढे नेली. पुढच्या फळीवर कुणी नव्हतं. पलीकडे खाडी रुंद होत गेली होती, आणि बोटीचं नाक पाण्याकडे जरासं झुकलेलं होतं.

"बाबा," ती म्हणाली. इंजिनाच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. ती पुढे वाकली आणि मोठ्याने म्हणाली,

"बाबा, दोघांसाठी लावा. मी येणार आहे ना दर रविवारी."