चार नंबर प्रेसची दुरुस्ती

चार नंबरची प्रेस खाली आली तेव्हा आवाज नेहमीसारखाच झाला, म्हणून कुणी मान वर केली नाही. पत्रा कापला काय न् हाड कापलं काय, साठ टनांच्या प्रेसला दोन्ही सारखंच. मग धाकटा ओरडला.

थोरली कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला पॅनेलच्या वायरी जोडत बसली होती. हातातली पक्कड टाकून ती धावली. भाऊ प्रेसला पाठ लावून खाली बसला होता आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे असा पाहत होता, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे. तीन बोटं त्या हातावर नव्हती. ती वर डायमध्ये, पत्रा कापायच्या साच्यात होती, अर्धवट वाकलेल्या पत्र्याच्या पट्टीखाली. फोरमननं अंगातला शर्ट फाडून मनगट आवळलं. रक्त थांबेना. थोरलीनं भावाचं डोकं छातीशी धरलं आणि तोंडानं देवाचं नाव सुरू केलं. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

मालक केबिनमधून आले. त्यांनी आधी धाकट्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"माणूस बाहेर काढलाय ना? मग डाय पुसून घ्या. शिफ्ट अडवू नका."

आणि फोरमननं, ज्याच्या अंगावर आता नुसती बंडी होती, खरोखरच डाय पुसली.

आता या प्रेसचं सांगायला हवं. तिला दोन बटणं होती, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा, स्लाइड म्हणतात त्याला, खाली यायचा. म्हणजे तो येताना माणसाचे दोन्ही हात बाहेर गुंतलेले असणार. एक फेरी झाली की दोन्ही बटणं सोडायची, पुन्हा दोन्ही दाबायची. एखादं तेलानं चिकटून दाबलेलंच राहिलं, तर प्रेसनं हलायचंच नाही. याच्यावर पहारा ठेवत होता पॅनेलमधला एक छोटा प्रोग्रॅम, आणि तो तिथं बसवला होता थोरलीनं. ओपन सोर्स होता तो: ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही उघडून वाचता येईल, कुणालाही दुरुस्ती सुचवता येईल असा. रात्रशाळेत ती तेवढं शिकली होती. दोन वर्षं त्यानं काम चोख केलं होतं.

दवाखान्यात मालक सफरचंदं घेऊन आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "डाव्या बटणाला चिमटा लावून ठेवला असणार यानं. सगळे लावतात. एक हात मोकळा राहतो ना! घाई नडली, दुसरं काय."

"नव्हता लावला," धाकटा म्हणाला.

"मग काय भूत बसलं होतं बटणावर?"

थोरलीच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. चिमटा असो, तेल असो, भूत असो. डावं बटण अडकलेलं असताना प्रेसनं जागचं हलायलाच नको होतं. ती हलली, म्हणजे पहारेकरी झोपला. आणि पहारेकरी तिनं नेमलेला.

तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या माणसाला तिनं घडलं ते कळवलं. तो कोण, कुठला, तिला ठाऊक नव्हतं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "तुमच्या भावाचं वाचून फार वाईट वाटलं. मी डावं बटण तासभर दाबून ठेवलं, उजवं शंभर वेळा दाबून पाहिलं. प्रेस हलत नाही. काय काय केलं ते क्रमानं लिहाल का? माझ्याकडे ते घडल्याशिवाय चूक सापडायची नाही. हा प्रोग्रॅम चारशेच्या वर प्रेसवर चालतो, म्हणून घाई करतोय."

चारशे. थोरलीनं तो आकडा दोनदा वाचला. चारशे माणसं या घटकेला चारशे डायमध्ये हात घालत होती.

ती भावाच्या खाटेपाशी जाऊन बसली.

"सांग बघू, नेमकं काय काय केलंस?"

"काय केलं? हात घातला, हात गेला. लिही."

"नीट सांग रे. तो माणूस क्रम मागतोय."

"त्याला म्हणावं ये इकडे. तीन बोटं काढून दे, मग क्रमच काय, पाढे म्हणून दाखवतो."

"दुसऱ्या कुणाचा हात जाईल रे, राजा."

"जाऊ दे! माझा गेला तेव्हा कोण आलं होतं?" त्याचे डोळे तांबारले होते. पण बहीण हटेना तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बोलू लागला. "पट्टी लावली. दोन्ही दाबली. ठाण्ण. स्लाइड वर निघाली. डावा हात पट्टी काढायला आत. आणि मग…"

बोलता बोलता त्याचा उजवा हात खाटेच्या दांडीवर पडला. एकदा. थोडं थांबून पुन्हा एकदा.

"हे काय केलंस?"

"काय?"

"उजवा हात. दोनदा आपटलास."

"सवय गं. स्लाइड वर पोचेपर्यंत कोण थांबतंय? आधीच एक दाब देऊन ठेवायचा, पट्टी काढता काढता दुसरा. सगळेच देतात. टार्गेट काय तुझा दोस्त पुरं करणार?"

थोरली उठूनच उभी राहिली. सापडलं होतं. टेबलाशी निवांत बसून बटण शंभर वेळा दाबणाऱ्या माणसाला हे कधीच सापडलं नसतं, कारण त्याला घाई नव्हती. स्लाइड वर जात असताना दिलेला तो उतावळा दाब प्रोग्रॅम मनात धरून ठेवत होता, आणि पुढच्या दाबाला डावं बटण मध्ये सोडलं होतं का, ते पाहायचं विसरत होता. ते विसरणं तिला त्याच दुपारी सापडलं आणि तिनं सात ओळी नव्यानं लिहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ती दुसऱ्याच्या लिहिलेल्याला हात लावत होती. भावाला तिनं आनंदानं सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "डावं अडकलेलं असेल आणि उजवा उतावळा दाब दिला, की पुढच्या दाबाला प्रेस खाली? कधीही?"

"कधीही. मिनिटभरानंसुद्धा."

त्यानं नुसती मान डोलावली. तिला वाटलं, निर्दोष ठरल्याचं समाधान असेल. बहिणीच असं मानतात.

हाताला पट्टी बांधून तो घरी आला त्या आठवड्यात मालकांनी त्याला कारखान्यात बोलावलं. जेवणाची सुट्टी होती, प्रेस थांबलेल्या होत्या. थोरलीनं तेवढा वेळ साधून नव्या सात ओळी चार नंबरच्या पॅनेलमध्ये चढवल्या होत्या. न चालवता कुणाला पाठवणं तिच्या मनाला पटत नव्हतं, म्हणून ती डायमध्ये ठेवून बघायला लाकडाची फळी शोधत होती. तेवढ्यात मालक, फोरमन आणि धाकटा तिघं प्रेसपाशी आले. मागोमाग डबे तसेच टाकून बाकीचे कामगार.

मालकांच्या हातात कागद होता. "चिमटा मीच लावला होता, असं तुझ्या नावानं लिहिलंय. सही कर, म्हणजे विम्याचं बघतो."

"करतो की," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज गोड होता, आणि तो गोड आवाज ऐकून थोरली फळीचा शोध सोडून पॅनेलपाशी आली. "मशीन चांगलंच आहे ना, मालक?"

"नवं कोरं असल्यासारखं."

"चिमटा लावला तरी उजव्या बटणानं खाली येत नाही?"

"मेली तरी येणार नाही."

"मग घाला आत हात. तुमचा हात बाहेर आला की मी सही करतो. का फाटली?"

कामगारांत कुणीतरी फिसकन हसलं. तेवढं पुरलं. मालकांनी उमेदीची वीस वर्षं प्रेसवर काढली होती आणि ते सांगण्याची एकही संधी ते सोडत नसत. त्यांनी बाही वर सारली. "चालव!"

धाकट्यानं डावं कोपर एका बटणावर, उजवा हात दुसऱ्यावर टेकला. ठाण्ण! स्लाइड खाली आदळली. कोपर उठायच्या आत मालकांनीच डाव्या बटणावर चिमटा चढवला. स्लाइड वर निघाली.

आणि धाकट्यानं उजव्या बटणावर अंगठा टेकवून उचलला. अगदी सहज, माशी मारावी तसा.

थोरलीनं ते पाहिलं. एकटीनंच. ती पॅनेलच्या उघड्या दारात उभी होती आणि तिचा हात लाल मेन स्विचवर होता.

मालकांनी पाचही बोटं पसरून तळवा डायमध्ये ठेवला. "दाब!"

स्विच ओढून प्रेस बंद करायला एक श्वास पुरला असता. तिच्या सात ओळी अजून एकदाही चालवून पाहिलेल्या नव्हत्या. त्या चुकलेल्या असतील तर तो तळवा आता पत्र्यासारखा सपाट होणार होता. हे सगळं तिला लख्ख कळत होतं. डोळ्यांपुढे मात्र दुसरंच काही होतं: डाय पुसणारा फडका. स्विचवरचा हात हलला नाही.

धाकट्यानं बटण दाबलं.

प्रेस हलली नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. मग मूठ वळून बटणावर घणासारखे घाव घातले. काहीच नाही.

"अजून दाब! दाब की!" मालक खदखदून हसले. हात बाहेर काढून त्याच हातानं त्यांनी धाकट्याच्या कानाखाली जाळ काढला. "लबाड! चार लोकांत मला खोटं पाडतोस? कर सही!"

धाकटा मालकांकडे बघतच नव्हता. पॅनेलला जोडलेला लॅपटॉप त्याला दिसला होता.

"ताई… तू बदललंस?"

तिनं मान खाली घातली.

"माझी बोटं जाईपर्यंत झोपलीस, आणि याचा हात वाचवायला जागी झालीस?"

बाकावरचा पाना त्यानं उचलला तो तिला दिसला, सुटलेला दिसला नाही. कपाळावर वीज पडल्यासारखं झालं आणि डावा डोळा रक्तानं भरला. चौघांनी मिळून धाकट्याला जमिनीवर दाबलं. मालकांनी पुढं होऊन त्याच्या बरगडीत लाथ घातली. मग दुसरी. तिसऱ्या लाथेला फोरमननं त्यांना कमरेला धरून मागं खेचलं.

"सोडा त्याला," थोरली म्हणाली. ती नेहमीसारखीच हळू बोलली, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "दोन मिनिटं थांबा. कुणी आत हात घालू नका."

पदरानं डोळा पुसत तिनं जुना प्रोग्रॅम परत चढवला. स्वतः प्रेससमोर उभी राहिली. दोन्ही दाबली, फोरमनकडून चिमटा लावून घेतला, स्लाइड वर जात असताना एक उतावळा दाब दिला. मग फळी आत सरकवली आणि, मालकांकडे पाहत, उजवं बटण दाबलं.

फळीचे तुकडे उडून पत्र्याच्या छपरावर आदळले. एक ढलपी मालकांच्या गालाला कापून गेली.

मालक त्या भुग्याकडे पाहत होते, मग स्वतःच्या तळव्याकडे. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"मघाशी… यानं तो आधीचा दाब दिला होता?"

"दिला होता," थोरली म्हणाली. खोटं बोलणं तिला जमण्यातलं नव्हतं.

मालकांनी कोपऱ्यातली सळई उचलली आणि जमिनीवरच्या धाकट्याच्या पट्टी बांधलेल्या हातावर हाणली. त्याची किंकाळी दुसऱ्या गल्लीत गेली असेल. दुसरा घाव फोरमननं वरच्यावर धरला.

"पोलिसांत देतो! खुनी आहे हा!"

"द्या ना," फोरमन धापा टाकत म्हणाला. "आम्ही पण येतो. चिमटा कुणी चढवला ते सांगू, हात कुणी घातला ते सांगू. माणूस भळाभळा वाहत असताना डाय पुसायला मला कुणी लावलं, तेही मी सांगतो. माझ्याच तोंडानं."

मालकांच्या हातातून सळई खाली पडली. सहीचा कागद फोरमननं उचलला, त्याला हातांचं तेल पुसलं आणि बोळा करून टाकून दिला.

दवाखान्यात बहीणभावंडं शेजारी शेजारी बसली. तिच्या कपाळाला सहा टाके, त्याच्या हाताचे तुटलेले टाके पुन्हा घातलेले. तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि सांभाळणाऱ्या माणसाला हवा तो क्रम लिहायला घेतला: एक, दोन, तीन. खाली आपल्या सात ओळी जोडल्या.

धाकटा वाचत होता. मग म्हणाला, "ताई, तुझ्या ओळी चालतील याची खात्री होती तुला?"

"नव्हती."

"आणि मी दाब दिला ते दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"तुझा हात स्विचवर होता."

"होता."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मारताना जो चेहरा होता तो आता नव्हता. त्या जागी भीती होती. बहिणीची भीती त्याला पहिल्यांदाच वाटत असावी.

"मग का नाही ओढलास?"

ती लॅपटॉपकडे वळली. पडद्यावर शेवटची चौकट रिकामी होती: दुरुस्ती प्रत्यक्ष यंत्रावर तपासली का, आणि कशी? आधी तिच्या मनात आलं, लाकडाची फळी ठेवून, असं लिहावं. पण फळी जुन्या प्रोग्रॅमखाली फुटली होती. नव्यावर लाकूड ठेवलंच नव्हतं कुणी.

तिनं लिहिलं, "एकदाच. आत माणसाचा हात होता. मला थांबवता आलं असतं, मी थांबवलं नाही. कृपा करून वापरण्याआधी तुम्ही पुन्हा नीट तपासा."

"हे कशाला लिहितेस? सगळं जग वाचेल," धाकटा म्हणाला.

"वाचू दे," ती म्हणाली, आणि पाठवलं.