बगळ्यासमोरचा तिसरा खुंट

"तिसऱ्या खुंटाला बोट बांधू नका, असं लोकांना कुणीतरी सांगायला हवं, बाई. गेल्या साली तो इथे जेवत बसला होता, बायको बोटीतच होती, आणि पाणी उतरलं तेव्हा..." एवढं बोलून पबात वाढणारी पर्ल रिकामे ग्लास घेऊन आत गेली आणि पबचं दार तिच्यामागे बंद झालं.

तो तिसरा खुंट म्हणजे मीच बोलतोय. पुढचं वाक्य मला ऐकूच आलं नाही. आपल्याविषयी अर्धं बोलणं कानावर पडलं की जिवाला जी टोचणी लागते, ती मला एप्रिलपासून लागली.

तसा मी इथला नवखा. इंग्लंडमधल्या सफोकच्या एका रानात ओकचं झाड म्हणून ऐंशी वर्षं उभा होतो. मग मला कापलं, तासलं, खालच्या अंगाला डांबर फासलं आणि फेब्रुवारीच्या गारठ्यात यंत्राने ठोकून वेव्हनी नदीच्या काठावर गाडलं. माझ्या जागी आधी एक जुना खुंट होता. तो त्यांनी जानेवारीतच उपटला होता. कुजला नव्हता हं तो. चांगला धडधाकट होता. मग का उपटला, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि शेजारचा चौथा खुंट अबोल.

आम्ही पाच जण 'बगळा' पबसमोर ओळीने उभे आहोत. पबचं फाटक बरोबर माझ्यासमोर. माझ्यापासून बिअरच्या पहिल्या घोटापर्यंत वीस पावलं. त्यामुळे सुट्टीवर आलेल्या बोटींची सगळी धडपड माझ्यासाठी. खाली वळणावर तरंगता धक्का आहे, तो पाण्याबरोबर वरखाली होतो, तिथे रात्रभर निर्धास्त झोपावं. पण तो तीनशे पावलं लांब. माणसं दिवसभर होकायंत्र, नकाशे, दुर्बिणी घेऊन फिरतात आणि संध्याकाळी मुक्कामाची जागा मात्र तळलेल्या माशाच्या वासावरून ठरवतात.

इथे समुद्र लांब असला तरी त्याचा हात पोचतो. भरतीला पाणी माझ्या गळ्याशी येतं, ओहोटीला चार-पाच फूट खाली जातं. म्हणून दोर सैल सोडायचा असतो. तशी पाटी भिंतीवर आहे. तिच्यावर पर्ल रोज 'आजचा खास पदार्थ' लिहिलेला फळा टांगते, ही गोष्ट वेगळी.

लोकांच्या बोटीत डोकावायची मला हौसच. कोण भांडतंय, कोण अंडी करपवतंय, सगळं मला ठाऊक असतं. पण त्या अर्ध्या वाक्यानंतर बोटीत एकटी बाई दिसली की माझ्या लाकडात कसंतरी व्हायला लागलं. ती बुडाली असेल, असं मी मनाशी धरूनच चाललो होतो.

जुलैमध्ये टाँक्स नवराबायको आले. भाड्याची पांढरी बोट, आठवड्याची सुट्टी. सिड टाँक्स मिडलंड्सचा, म्हणजे कालव्यांच्या मुलखातला, साठीचा, तांबूस मानेचा. बायको आयरिस. तिच्या खुब्यात दुखणं होतं, पण तोंड शाबूत. पाच वाजले होते आणि पाणी काठोकाठ होतं.

"धक्क्यावर जाऊ या की," आयरिस म्हणाली. "बोटवाल्या पोराने तेच सांगितलं होतं."

"त्या पोराच्या जन्माआधीपासून मी कालव्यांवर बोटी हाकतोय," सिड म्हणाला. "बावीस वर्षं. आणि तुझा खुबा तीनशे पावलं चालणार आहे का?"

"माझ्या खुब्याचं नाव पुढे करू नकोस. तुला तहान लागलीय."

"दोन्ही खरं."

कालव्यात भरती नाही, ओहोटी नाही. रात्री बांधलेलं सकाळी तसंच. म्हणून सिडने कालव्याच्या रीतीने बांधलं. पुढचा दोर माझ्या गळ्यात, मागचा चौथ्याच्या गळ्यात, दोन्ही सतारीच्या तारेसारखे ताठ. वर हात झटकून म्हणाला, "सैल दोर म्हणजे आळशी माणसाची खूण."

मी ओरडलो असतो. पण लाकडाला ओरडता येतं का?

आयरिसने पबात जायचा बेत मोडला. दिवसभराच्या फिरण्याने खुबा ठणकत होता. "मासा आण माझ्यासाठी. आणि सावकाश जेव, तू घाईत चावत नाहीस," असं म्हणून ती नदीकडच्या बाकावर आडवी झाली. खिडकी तिने वाऱ्यासाठी उघडी ठेवली.

सहा वाजता पाणी एक वीत उतरलं. सातला हातभर. ऊन अजून लख्ख होतं, पबच्या अंगणात हसणं चाललं होतं. दोर माझ्या अंगात रुतायला लागला. बोटीची काठाकडची बाजू आम्ही दोघांनी धरून ठेवलेली आणि नदीकडची पाण्याबरोबर खाली चाललेली. आत एक कप घसरला. मग किटली. आयरिस जागी झाली तेव्हा बोटीची जमीन उतरणीसारखी झाली होती. तिने उठायचा प्रयत्न केला, खुब्याने दगा दिला. उघडी खिडकी पाण्यापासून चार बोटांवर आली होती.

"सिड," तिने हाक मारली. मोठ्याने नाही, पहिल्यांदा माणूस लाजतंच.

धरून ठेवणं हेच माझं काम. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण मुळापासून उपटून यावं. मी जोर लावला. पण मला फार चांगलं गाडलं होतं.

ग्लास गोळा करायला आलेल्या पर्लने पाहिलं. तिने ट्रे गवतावरच टाकला. "मालक, पुन्हा तिसरा!"

सिड धावत आला. गाठीला हात घातला, पण ताणलेली गाठ कुठली सुटते? त्याने मागे पळत जाऊन अंगणातल्या टेबलावरची ब्रेडची सुरी उचलली आणि एक पाय काठावर, एक पाय बोटीच्या कडेवर ठेवून वाकला. खाली खिडकीतून पाणी आत जायला लागलं होतं.

"सुरी खाली ठेवा, टाँक्ससाहेब," पबचा मालक हेडली म्हणाला. आवाज हळू होता, म्हणूनच सिड थांबला.

"माझी बायको आत आहे."

"माहीत आहे. पाय मागे घ्या. आधी मागे."

हेडलीने लांब दोर आणला, बोटीच्या पुढच्या कड्यात अडकवला आणि माझ्याभोवती तीन वेढे देऊन टोक हातात धरलं. चौथ्यापाशी पर्ल आणि दोन गिऱ्हाईकं तसाच दोर घेऊन उभी राहिली. "आता पोटावर झोपा आणि कापा," हेडली म्हणाला. सिडने आडवं पडून एकेक करत दोन्ही ताणलेले दोर कापले. बोट दचकली, सगळा भार माझ्यावर आला, आणि मग वेढे हळूहळू सरकू लागले. लाकडाचा धूर निघाला. मी धरतही होतो आणि सोडतही होतो. वीतवीत करत बोट पाण्यावर टेकली आणि सरळ झाली.

आयरिस कमरेपर्यंत भिजून बाहेर आली. दात वाजत होते. "मासा गार झाला असेल," ती म्हणाली, आणि सिड काठावर बसून रडायला लागला.

तिला अंगणात ब्लँकेट आणि चहा दिला. थोड्या वेळाने तिने हेडलीला विचारलं, "पुन्हा तिसरा, असं ती म्हणाली. आधी कोण बाई होती?"

माझा जीव कानात गोळा झाला.

"बाई बरी आहे," हेडली म्हणाला. "मनगट मोडलं होतं तिचं, जुळलं. नाताळला पत्र येतं." मग त्याने सिडकडे न बघता सांगितलं, "नवरा गेला. दोर कापायला एक पाय काठावर, एक बोटीवर ठेवून उभा राहिला होता. बोट सुटली आणि त्याला चेपत काठावर आदळली. मी आतून निघेपर्यंत उशीर झाला होता."

आयरिसने कप खाली ठेवला. सिडच्या मुठीत अजून सुरी होती. तिने एकेक बोट उघडून ती काढून घेतली.

म्हणजे पर्ल खोटं बोलत नव्हती. तिचं वाक्य मीच पुरं केलं होतं, आणि बाई बुडवली होती. जुना धडधाकट खुंट का उपटला, तेही आता कळलं. आता माझ्या अंगावर तीन काळे वळ आहेत. बोटी अजून माझ्याचकडे येतात, फळा पाटीवरच टांगलेला असतो. बाबांनो, पबच्या दिव्याआधी पाणी माझ्या गळ्याशी आहे का ते बघा. सगळ्यांना काळजी बोटीतल्या बायकोची. काठावर सुरी घेऊन धावत येणाऱ्याला आधी कुणीच काही सांगत नाही.