हिरव्या दोऱ्याची शंका

छापखान्यात मला शंकाताई म्हणतात. तोंडावर नाही, पण अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांची कुजबूज फळ्यांच्या भिंतीतून सहज ऐकू येते. मला त्याचं वाईट वाटत नाही. प्रुफं तपासणाऱ्या बाईने शंका नाही घ्यायची, तर काय घ्यायचं? चेहरे बघून विश्वास ठेवायचा असता तर मी लग्नं जुळवण्याचा धंदा काढला असता. सव्वीस वर्षांत एका न्यायाधीशाच्या आणि दोन प्राध्यापकांच्या चुका मी पकडल्या, आणि तिघांपैकी एकानेही आभार मानलेले नाहीत.

काम साधं आहे. चूक असली तर सुधारायची. शंका असली तर समासात प्रश्नचिन्ह काढून शेजारी बारीक अक्षरात ती लिहायची आणि गठ्ठा लेखकाकडे पाठवायचा. लेखक लाल शाईने उत्तर देतो. तो म्हणेल ते शेवटचं.

गेल्या महिन्यात मालक स्वतः एक हस्तलिखित घेऊन माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते वरच्या मजल्यावरून हाका मारतात.

"जपून हं ताई," ते म्हणाले. "धाकट्या साहेबांची कादंबरी आहे. वीस तारखेला छपाईला जायची."

धाकटे साहेब म्हणजे शहरातलं बडं प्रस्थ. सत्तरी ओलांडलेले, वाचनालयाचे अध्यक्ष, इस्पितळाचे विश्वस्त. कादंबरी होती त्यांच्या थोरल्या भावाच्या बायकोवर, म्हणजे बाईसाहेबांवर. चाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी त्या चहापार्टीला निघाल्या आणि पोचल्याच नाहीत. प्रेत सापडलं नाही, चिठ्ठी सापडली नाही, अंगावरचा पांढरा रेशमी झगाही कुणाला दिसला नाही. धाकट्या साहेबांनी कादंबरीत नावं बदलली होती, माणसं बदलली नव्हती. शहरातल्या शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं कोण कोण ते.

हस्तलिखित हातात आलं की मी आधी शेवटचं प्रकरण वाचते, ती माझी खोड आहे. शेवटच्या प्रकरणात खुनी निघत होती बाईसाहेबांचे कपडे शिवणारी बाई. दागिन्यांच्या लोभाने. तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट वाकडं होतं, कारण मशीनची सुई त्यातून आरपार गेली होती. हे लेखकाने तीन ठिकाणी लिहिलं होतं, वाचकाच्या लक्षात राहावं म्हणून.

ते वाकडं बोट मी जन्मापासून पाहत आले आहे. ते माझ्या आईचं आहे.

छापखान्यात हे कोणाला ठाऊक नाही. त्या वेळी मी आठ वर्षांची होते. बाईसाहेब त्या दुपारी आमच्याच घरून, आईच्या हातून झगा अंगावर चढवून बाहेर पडल्या होत्या. पोलिसांनी आईला अकरा दिवस कोठडीत ठेवलं आणि अकरा दिवस एकच प्रश्न विचारला, त्यांना शेवटचं कोणी पाहिलं? आई दर वेळी म्हणायची, "मी." दुसरं कोणी पुढे आलं नाही, आणि पुरावा नव्हता म्हणून तिला सोडलं. मग आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला आलो, आईने माहेरचं आडनाव लावलं, आणि श्रीमंतांचे झगे सोडून उशांचे अभ्रे शिवायला घेतले. आता ती पंचाहत्तर वर्षांची आहे. आमच्या गल्लीत तिला मान आहे. पुस्तक बाहेर पडलं की गल्लीतल्या पहिल्याच वाचकाची नजर तिच्या बोटावर जाणार होती.

मी मालकांना म्हणाले, "शेवट जरा ओढूनताणून वाटतो."

"ताई, तुम्ही काना-मात्रा बघा," मालक म्हणाले. "शेवट बघायला साहेब समर्थ आहेत."

आता एक गोष्ट सांगते, जी मी कधी कोणाला सांगितलेली नाही. मलाही आईचा संशय होता. बाईसाहेबांचा विषय निघाला की ती म्हणायची, "सुखात असतील त्या." असतील कदाचित, असं नाही. अगदी ठामपणे, हिशोब लागल्यासारखं. तुला काय माहीत, असं विचारलं की गप्प. सोळाव्या वर्षी, ती बाजारात गेलेली असताना, मी तिची पेटी उचकटली. बाईसाहेबांची मोत्यांची माळ सापडेल अशी भीती होती. जुने कपडे निघाले, बाकी काही नाही. पण संशय पेटीत काही नाही म्हणून जात नाही. सव्वीस वर्षं मी परक्यांच्या चुका शोधल्या आणि रोज संध्याकाळी घरी येऊन तिच्या तोंडाकडे बघत बसले. याची मला लाज वाटते.

तर, प्रुफं. प्रस्तावनेत साहेबांनी आपल्या नावानिशी लिहिलं होतं की घटनेच्या आठवडाभर आधीपासून ते परगावी होते आणि बातमी कळल्यावरच परतले. त्यात एक वेलांटी चुकली होती, ती मी सुधारली. मग एकोणिसावं प्रकरण आलं. त्यात बाईसाहेब निघण्याच्या तयारीत आहेत. झगा पांढरा, रेशमी. आणि पुढे वाक्य होतं, 'अस्तराच्या आत हिरव्या दोऱ्याने शिवलेला एक चोरखिसा होता.'

मी शिवणाऱ्या बाईची मुलगी आहे. पांढऱ्या रेशमाला हिरवा दोरा म्हणजे चष्मेवाल्याने एक भिंग काळं बसवण्यातला प्रकार. मी प्रश्नचिन्ह काढलं आणि लिहिलं, 'हिरव्या? पांढऱ्या असावे का?' साधी शंका होती. माझ्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतं.

धाकट्या साहेबांना चूक दाखवलेली खपत नाही, हे मालकांनी सांगायला हवं होतं. तीन दिवसांनी गठ्ठा परत आला. समासात लाल शाईने ठसठशीत उत्तर होतं, खाली दोन रेघा मारलेल्या. 'हिरवाच. बदलू नये. मी डोळ्यांनी पाहिला आहे.'

मी ते चार वेळा वाचलं. झगा तर कोणालाच सापडला नव्हता. मग यांनी कधी पाहिला? आणि माझं मन कुठे गेलं बघा, साहेबांकडे गेलंच नाही, घरी गेलं. वाटलं, झगा शिवला आईने, खिसा शिवला आईने, आणि तिने आपल्याला चाळीस वर्षांत सांगितलं नाही. मी तो कागद पिशवीत घातला. प्रुफं घरी नेऊ नयेत असा छापखान्याचा नियम आहे. पहिल्यांदाच मोडला.

दिवेलागणीची वेळ होती. आई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. मी चपला काढता काढता, काही विशेष नाही अशा आवाजात विचारलं, "आई, पांढऱ्या रेशमी झग्याला कोणी हिरव्या दोऱ्याने शिवतं का गं?" आणि तिच्या चेहऱ्यावर नजर रोखून उभी राहिले. पोलीस असेच उभे राहत असतील.

तिचे हात थांबले. एक शेंग अर्धी उघडी तशीच राहिली.

"कोणी सांगितलं तुला?"

"आधी तू सांग."

तिने शेंग ताटात ठेवली. "मी शब्द दिला होता," ती म्हणाली. "पण तुला कळलंच आहे, तर आता कसला शब्द." मग तिने सांगितलं. त्या दुपारी बाईसाहेब घाईघाईत आल्या होत्या. म्हणाल्या, अस्तराच्या आत खिसा घालून दे, बोटीचं तिकीट मावेल एवढा. घरात त्यांना मारहाण व्हायची. झगे बेतताना आईने त्यांच्या पाठीवरचे वळ पाहिले होते आणि कधी अवाक्षर काढलं नव्हतं. चहापार्टीचं निमित्त करून त्या परस्पर बंदरावर जाणार होत्या.

"पांढरं रीळ नेमकं संपलेलं," आई म्हणाली. "मी म्हटलं, बाईसाहेब, दुकान उघडायला तास लागेल. तर म्हणाल्या, घाल जो असेल तो, आतलं कोण बघतंय? सुईत हिरवा होता. तोच घातला. चांगल्या कामाला असला दोरा लावला म्हणून मला तेव्हाही खटकलं होतं बघ."

"पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"तिकिटाचं सांगितलं असतं तर बोट गाठून परत आणलं असतं त्यांना. मीच त्यांना म्हटलं होतं, पत्रसुद्धा टाकू नका, पत्रं पकडली जातात. आणि तो झगा कुठेच मिळाला नाही ना? म्हणजे पोचल्या." मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. "हिरवा दोरा त्यांना ठाऊक नि मला. तिसऱ्याला नाही. कुठे भेटल्या तुला? का पत्र आलं?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. खोटं बोलावंसं वाटलं, खूप वाटलं. हो, पत्र आलं, सुखात आहेत, असं म्हणणं किती सोपं होतं. आईचं नाव वाचवायला दुसरी काही वाट काढता आली असती. पण तिने हात पुढे केला होता.

"दाखव की. अक्षर ओळखते मी त्यांचं."

मी पिशवीतून कागद काढून दिला. तिच्यापासून चोरून खूप काही शोधून झालं होतं माझं, आता तिच्यापासून लपवायचं नव्हतं. तिने भिंग घेतलं आणि लाल अक्षरांवरून सावकाश फिरवलं.

"हे त्यांचं नाही."

"नाही."

"मग कोणाचं?"

"धाकट्या साहेबांचं. प्रस्तावनेत लिहिलंय, आठवडाभर आधीपासून ते परगावी होते. परत आले ते बातमी कळल्यावर."

आईने भिंग खाली ठेवलं. नंतर, कोणाला तरी शिवणकाम समजावून सांगावं तशी म्हणाली, "अस्तर उसवून झगा उलटा केल्याशिवाय तो दोरा दिसत नाही. अंगावर असताना तर नाहीच." आणि थोड्या वेळाने, "बोटीवर चढलीच नाही गं ती."

इतकी वर्षं 'त्या' होत्या, आज 'ती' झाली. आई पदराने तोंड झाकून रडली. अकरा दिवसांच्या कोठडीनंतर घरी आली तेव्हाही रडली नव्हती, मला आठवतं. मी तिच्यापाशी जमिनीवर बसले.

"आई, इतकी वर्षं मी तुझ्यावर..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पेटीतल्या घड्या उलट्या घालून ठेवल्या होत्यास तू."

मग तिने डोळे पुसले, मटाराचं ताट झाकून ठेवलं आणि बाहेरची चादर अंगाभोवती घेतली. मी म्हटलं, उद्या सकाळी जाऊ. ती म्हणाली, चाळीस वर्षं उशीर झालाय, आणखी कशाला. वाटेत तिने माझा हात धरला नाही, कागद धरला होता.

चौकीवरचा अधिकारी तरुण होता. त्याचा तेव्हा जन्मही झाला नसावा. बाईसाहेबांचं नाव ऐकून तो हसला आणि म्हणाला, "आजी, त्याची तर आता कादंबरी येतेय म्हणे."

"तीच घेऊन आले आहे," आई म्हणाली. तिने वाकड्या बोटाने कागद त्याच्यासमोर सरळ केला, लाल शाई वर येईल असा. "मला इथे विचारलं होतं, त्यांना शेवटचं कोणी पाहिलं. मी सांगितलं होतं, मी. तुमच्या कागदांत तसं लिहिलेलं असेल."

"असेल," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"ते चुकलंय," आई म्हणाली. "दुरुस्त करून घ्या."