मोटरीची बाधा

साहेब, त्या मांडवाची फीत तुम्ही कापलीत. धुरकरी महाराजांच्या हातून नारळ घेताना फोटो काढून घेतलात आणि तोच फोटो पलूसपासून तासगावपर्यंत खांबाखांबावर लागला. कायदा ज्याने राबवायचा, तोच बुवाच्या फ्लेक्सवर हात जोडून उभा. संयोगिताच्या गोळ्या बुवाने बंद केल्या, पण त्याला तेवढी छाती तुमच्यामुळे झाली.

त्या दुपारी मांडवामागच्या बेदाण्याच्या रिकाम्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. इस्लामपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी क्रांती धावतपळत पोचली, तेव्हा तिची भाची संयोगिता पुढच्या पाटावर बसलेली होती. पोरीला लहानपणापासून फेफरं. सांगलीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते आवाक्यात आलेलं. त्या गोळ्या आजीने, मनुबाईने, उकिरड्यावर टाकल्या होत्या.

"आई, गोळ्या टाकायला कुणी सांगितलं?"

"म्हाराजांनी. गोळीनं बाधा आत दबून बसती म्हणं. अन् सायबांचा फोटू हाय त्येंच्यासंगं. सायब काय येडं हायती व्हय?"



बुवाने काचेची बरणी उंच धरली. "हिमालयाचं तीर्थ हाय. अंगात काय नसंल तर गप ऱ्हाईल, असंल तर बोलंल." पोरीच्या बोटातली तांब्याची अंगठी त्याने आत सोडली. तीर्थ फसफसलं, तांबूस धूर उठला, पाणी हिरवं-निळं झालं. "धूर म्हंजी भूत. हिरवं म्हंजी त्येचं इख."

शेडभर हात जोडले गेले. बुवाने पोरीची मान धरून तिचं तोंड धुरावर नेलं. ती खोकली, डोळे फिरले आणि धाडकन आडवी झाली. हातपाय झटके देऊ लागले.

"झगडतंय बगा. जायला तयार न्हाई," बुवा गर्दीला म्हणाला.

कुणीतरी हुंगवायला चप्पल काढली. क्रांतीने ती झिडकारली, पोरीला धुरापासून ओढून कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी घातली. झटके थांबेपर्यंत ती हलली नाही. मग तिने शेजारी हात जोडून उभ्या भावाकडे पाहिलं. नाथाजी तमिळनाडूत सेलमला गलाई करतो, म्हणजे तेजाबात सोनं-चांदी शुद्ध करतो; जत्रेसाठी गावी आलेला. ह्या गावातले निम्मे बाप्ये परमुलखात हेच काम करतात.

"दादा, वास ओळखीचा न्हाई वाटत?"

नाथाजीने मान खाली घातली. "वाटला गं. पर देवाच्या दारात तेजाब कसं म्हणायचं?"

"पोरगी कुणाची हाय?"

कोपऱ्यात जळक्या पाणमोटरीची तांब्याची तार पडली होती. नाथाजीने तिचं वेटोळं उचललं आणि बुवासमोर गेला.

"म्हाराज, आमची मोटर लय दिवस आजारी हाय. हिच्यातलं बी काढा."

बुवा बरणी मागे ओढायच्या आत तार आत पडली. आधीपेक्षा दाट धूर उठला.

"नाथा, मोटरीला करणी कुणी केली रं?" मागून एकजण बोलला. गर्दीत हसू फुटलं.

"शाप लागंल," बुवा ओरडला.

"माझ्या भट्टीवर रोज ह्योच धूर निगतो. शाप न्हाई लागला. खोकला लागलाय."

क्रांती पोरीजवळूनच बोलली, "तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, तांबं पडलं की नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो. त्याला रंग नसतो, हवा लागली की तांबूस होतो. हेच तुमचं भूत. आणि हाच बिनरंगी वायू मेंदूतल्या पेशी स्वतः बनवतात, अगदी कणभर. तो पेशीच्या भिंतीतून पार होतो आणि शेजारच्या पेशीला सांगतो, चेतायला तयार राहा, नाहीतर दमानं घे. असे कितीतरी निरोप मिळून मेंदूचा तोल राखतात. तो बिघडला की पुष्कळ पेशी एकदम चेततात. तेच फेफरं. गोळी त्यांना आवरून धरते."

मनुबाई पुढे सरकली. "मग त्योच वायू हाय तर हुंगल्यालं बरंच की."

"आई, चुलीत जाळ लागतो म्हणून घराला काडी लावतीस का? मेंदूतला कण जागच्या जागी संपतो. हा धूर फुप्फुस जाळतो."

तोवर बुवा मागच्या दाराने निसटून गाडीत बसला होता. बरणी तशीच सोडून.

नाथाजीने लेकीला उचललं. दवाखान्याच्या वाटेवर तिने डोळे उघडले. "आत्या, माझ्यातनं काय निगालं?"

"काय न्हाई बाळा. तुझ्यात काय नव्हतंच."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पोरीचा खोकला अजून आहे. लोकहो, धूर दिसला की हात जोडायच्या आधी भांड्यात काय आहे ते विचारा. डॉक्टरला विचारल्याशिवाय फेफऱ्याची गोळी एक दिवसही तोडू नका.

आणि साहेब, नाथाजीने बरणीसकट तक्रार तुमच्या टेबलावर ठेवली. अजून गुन्हा नोंदलेला नाही. बुवा आता साताऱ्याकडे मांडव घालतोय, फ्लेक्सवर फोटो तुमचाच आहे. तो तुम्ही उतरवणार आहात, की पुढच्या पोरीची वाट बघणार आहात? उत्तर द्या.