विहिरीकडची खिडकी

माझी थोरली मुलगी धरून धरून चालायला लागली, त्या साली आम्ही त्या इमारतीत राहायला गेलो. रस्त्याकडून बघाल तर बघतच राहाल. दारावर चुन्याच्या दोन बायका, हातात फळांच्या परड्या. गॅलऱ्यांना लोखंडी वेली. जिन्याच्या खालच्या पायऱ्या संगमरवरी आणि वळणापासून वर साधा दगड, कारण रस्त्यावरून वळणापलीकडचं दिसत नाही.

इमारतीच्या पोटात तळापासून गच्चीपर्यंत एक उभं भोक होतं. हवा-उजेडासाठी ठेवलंय म्हणे. सगळी स्वयंपाकघरं आणि संडास त्यावर उघडत. आम्ही त्याला विहीर म्हणायचो. तिच्यात माशांची आतडी पडत, कुजका कोबी, केसांचे गुंतवळ, पोरांची दुपटी धुतलेलं पाणी. टाकायच्या आधी चौकटीवर पळी वाजवायची, ही इमारतीची रीत. पळी वाजली की खालच्यांनी खिडकी लावून घ्यायची. याला ते सभ्यपणा म्हणत.

आम्ही तळमजल्यावर. विहिरीकडची खोली माझ्या विधवा जाऊबाईंची. तिथेच त्या शिवणकाम करत. त्यांना दम लागायचा. डॉक्टर म्हणाला, "खिडकी उघडी ठेवा, नाहीतर या बाई टिकायच्या नाहीत." उघडणार कशी? ढीग चौकटीला टेकलेला, त्यात अळ्या वळवळत.

जाऊबाई जिना चढून दारोदार गेल्या. मी सोबत होते. पहिल्या मजल्यावरची म्हणाली, "आम्ही नाही हो, वरचे टाकतात." दुसऱ्यावरचे म्हणाले, वरचे. तिसऱ्यावरचेही तेच. सगळ्यात वरचा पेन्शनर दारात उभा राहून हसला. "आता मी कोणाचं नाव सांगू, बाई? देवाचं?" त्याच्या मागे त्याची बायको पळी वाजवत होती.

मग जाऊबाई मालकाकडे गेल्या. "खिडकीतून घाण आत येते. काहीतरी करा."

"करतो की," मालक म्हणाला. आणि शब्दाला जागला.

चार दिवसांनी जाऊबाई शिवलेले कपडे पोचवायला गेल्या असताना गवंडी आला. मला वाटलं, विहीर साफ करणार. त्याने खिडकी काढली आणि विटा रचायला घेतल्या.

"अहो, हे काय?"

"घाण आत यायला नको ना? तेवढंच सांगितलंय मला."

मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी वास घेतला. "बरं झालं. सुटलो एकदाचे," म्हणाल्या. गवंडी हौशी होता. आतून गिलावा करून त्याने वर चुन्याचा हार काढला, फुलापानांसकट.

जाऊबाई आल्या. पिशवी हातातच राहिली. हारावरून बोट फिरवत म्हणाल्या, "छान काढलाय. थडग्यावर शोभेल."

"सासूबाई, यांना पुढच्या खोलीत घेऊ या," मी म्हटलं. पुढच्या खोलीला रस्त्याकडे दोन मोठ्या खिडक्या होत्या.

"आणि पाहुणे आले की? खोकणारी माणसं दाखवायची त्यांना?"

माझे यजमान ताटात बघून जेवत राहिले. मग आम्ही जाऊबाईंना मधल्या खोलीत, आमच्यात घेतलं. तिला खिडकी मुळातच नव्हती.

आता तळाशी उघडणारं काही उरलं नाही, म्हणून वरच्यांनी पळी वाजवणं सोडून दिलं. भिंतीपलीकडे नुसता धप्प आवाज यायचा. जाऊबाई उशीला टेकून ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "अगं, पळी वाजायची तेव्हा खाली कोणीतरी राहतं, एवढं तरी त्यांच्या ध्यानात असायचं."

थंडीत मालकाने दारावरच्या चुन्याच्या बायकांना नवा रंग दिला. परड्यांतली फळं लाल केली. पेन्शनर मला जिन्यात भेटला. "इमारत कशी खुलली, नाही?" मी तिथेच थुंकले, संगमरवरावर.

जाऊबाई त्याच थंडीत, माझी मुलगी दोन वर्षांची व्हायच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी मधल्या खोलीतच वारल्या.